घशाचें औषध आणि नौकेचा रंग

नौकेच्या अंगावरील ओरखडा झांकण्यासाठीं आज जें लहानसें फवारायंत्र हातीं धरलें जातें, त्याचें मूळ बंदरांत नाहीं, एका डॉक्टरच्या दवाखान्यांत आहे. अमेरिकेंतील टोलेडो शहरीं डॉ. ॲलन डेव्हिल्बिस हे घशाचे वैद्य होते. रोग्याच्या घशांत बोळ्यानें औषध लावण्याऐवजीं रबरी फुगा दाबून तें तुषाररूपानें सोडण्याचें उपकरण त्यांनीं बनविलें व १८८८ सालीं त्याचा कारखाना घातला. त्यांचे चिरंजीव टॉमस यांनीं १९०७ मध्यें त्याच तत्त्वावर रंगाची पिचकारी तयार केली.

हवेच्या दाबानें रंग उडविण्याची कल्पना त्यापूर्वींही सुचली होती. १८९३ च्या शिकागो येथील प्रदर्शनाच्या प्रचंड इमारती वेळेवर पांढऱ्या करण्याचें काम चित्रकार फ्रान्सिस मिलेट यांच्या देखरेखीखालीं असेंच उरकलें. (हेच मिलेट पुढें १९१२ त टायटॅनिकबरोबर बुडाले.) तेथें मागणी होती ती वेगाची. आरशासारख्या तकाकीची हौस जगास लागली ती १९२३ नंतर, झटपट वाळणारें नवें रोगण मोटारींवर फवारलें जाऊं लागलें तेव्हां.

मोटारीची ही तकाकी नौकेवरही यावी असें मालकास वाटणें साहजिकच आहे. परंतु नौकेचें अंग मोटारीसारखें एकजिनसी नसतें. पाणरेषेच्या वर शोभा हवी. खालीं हवें तें विष, आणि तेंही जाणूनबुजून घातलेलें. १७६१ सालीं ब्रिटिश आरमारानें ‘अलार्म’ या लढाऊ जहाजाच्या लांकडी तळास तांब्याचे पत्रे ठोकले. शेवाळ व शंखशिंपले त्यांवर धरेनात. कारण तांबें पाण्यांत हळूहळू विरघळतें व तें त्या जीवांस मानवत नाहीं. मात्र तांब्याशीं गांठ पडलेले लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यांत झपाट्यानें कुजले, हा धडाही त्याच जहाजानें दिला. पुढें पत्रा गेला, पण तांबें तळाच्या रंगांत शिरलें. त्याहून जालीम असें कथिलाचें एक संयुग विसाव्या शतकांत आलें. फ्रान्सच्या आर्काशों उपसागरांतील कालवांचीं शिंपें त्यानें विद्रूप झालीं, तेव्हां १९८२ त त्या देशानें लहान नौकांवर त्यास बंदी घातली. सर्व जहाजांसाठीं आंतरराष्ट्रीय करार २००१ त होऊन २००८ त अंमलांत आला. तांबें अद्याप चालूच आहे.

आतां असा रंग पिचकारींत भरला म्हणजे काय होतें? जुन्या धर्तीच्या, जोराच्या दाबाच्या पिचकारींतून निघालेल्या रंगापैकीं जेमतेम तिसरा हिस्सा वस्तूवर बसतो. उरलेला धुकें होऊन शेजारच्या होडीवर व रंगाऱ्याच्या घशांत जातो. औषध ज्या वाटेनें पोंचावें म्हणून हें यंत्र निघालें, तीच वाट विषास मोकळी होते! १९८० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील हवाशुद्धीच्या नियमांमुळें कमी दाबाच्या यंत्रांचा प्रसार झाला. त्यांच्या तोंडाशीं दाब दर चौरस इंचास १० पौंडांहून अधिक नसतो आणि निम्म्याहून बराच अधिक रंग जागेवर बसतो.

म्हणून पाणरेषेवरील डागासाठीं कमी दाबाचें, वर लहान पेला असलेलें व सुमारें १ मिलिमीटर छिद्राचें यंत्र पसंत केलें जातें. छिद्र याहून फार बारीक असेल तर रंग पातळ करावा लागतो व त्याचा थर ओघळतो. दोन द्रव मिसळून बनणाऱ्या पॉलियुरेथेन रंगांत आयसोसायनेट असतें. तें श्वासांत गेल्यास दमा जडतो व नाकावरचा रुमाल तेथें कुचकामाचा ठरतो. निराळ्या नळीनें शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा ज्यास मिळण्यासारखा नाहीं, त्यानें तो रंग फवारण्याच्या भरीस पडूं नये. पाणरेषेखालच्या तळहाताएवढ्या डागास तर यंत्रच नको. तेथें तकाकी पाहणारे फक्त मासे. शिवाय एवढ्याशा कामानंतर पिचकारी खोलून धुण्यांत जो वेळ जातो, तेवढ्यांत दोन इंची कुंचल्यानें दुसरा हातही देऊन होतो.