रस्त्याखालचा पाइप कुणाचा?

टॉयलेट तुंबलंय. प्लंबर येतो, तासभर खटपट करतो आणि सांगतो, "घरात काही नाही, पाइप बाहेर रस्त्याखाली फुटलाय." आपल्याला हायसं वाटतं. रस्ता सरकारचा, म्हणजे पाइपही सरकारचा! इंग्लंडमध्ये 2011 पर्यंत असं समजणाऱ्या बऱ्याच घरमालकांच्या हातात शेवटी बिल पडायचं.

याचं मूळ दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये आहे. 1815 पर्यंत तिथे घरातला मैला सीवरमध्ये सोडणं हा गुन्हा होता. सीवर पावसाच्या पाण्यासाठी होती. मैला घराखालच्या खड्ड्यात साठायचा आणि रात्री माणसं तो उपसून न्यायची. (हे काम कुणाच्या वाट्याला यायचं, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.) पुढे फ्लशचे संडास वाढले, खड्डे भरून वाहू लागले, कॉलरा आला. 1848 च्या सुमारास घराचा पाइप सीवरला जोडणं सक्तीचं झालं. तीस-बत्तीस वर्षांत गुन्ह्याचं कर्तव्य झालं! सगळी घाण थेम्समध्ये गेली. 1858 च्या उन्हाळ्यात नदीच्या दुर्गंधीने संसदेलाही बसणं अशक्य झालं, तेव्हा कुठे जोसेफ बॅझलजेटच्या प्रचंड भुयारी गटारांना पैसे मिळाले.

मोठी गटारं सार्वजनिक पैशातून झाली. घरापासून तिथवरचा पाइप मात्र मालकाने घालायचा. कायद्याने शब्दही वेगळे केले: एका घराचा पाइप तो 'ड्रेन', अनेक घरांचा तो 'सीवर'. आता गंमत बघा. ड्रेन घराच्या कुंपणापाशी संपत नाही, तो सीवरला मिळतो तिथे संपतो. म्हणजे मधला रस्त्याखालचा तुकडाही तुमचाच.

त्यात 1 ऑक्टोबर 1937 ही तारीख आली. त्याआधी घातलेले सामायिक पाइप सर्वसाधारणपणे सार्वजनिक ठरले. नंतरचे, सरकारी यंत्रणेने रीतसर ताब्यात घेतले नसतील, तर खासगीच राहिले. त्यामुळे दोन शेजारच्या गल्ल्या, सारखीच घरं, पण एका गल्लीत फुटलेला पाइप सरकार दुरुस्त करायचं आणि दुसरीत रहिवासी वर्गणी काढायचे. तुंबलं की पाणी उताराच्या शेवटच्या घरात शिरायचं. वरच्या घरांचे फ्लश मजेत चालू. ते कशाला लगेच पैसे काढतील?

बरं, पाइप तुमचा असला तरी वरचा रस्ता तुमचा नाही. तो खोदायला परवाना काढा, वाहतूक सांभाळा, मग रस्ता पूर्ववत करून द्या. या धास्तीवर पाइपांचे विमेही विकले जायचे.

अखेर 1 ऑक्टोबर 2011 ला इंग्लंड आणि वेल्समध्ये सार्वजनिक जाळ्याला जोडलेले बहुतेक खासगी सीवर आणि कुंपणाबाहेरचे ड्रेन पाणी कंपन्यांकडे गेले. इंग्लंडमधल्या या कंपन्यांचं 1989 मध्येच खासगीकरण झालं होतं. म्हणजे 'खासगी' पाइप 'सार्वजनिक' झाले, ते खासगी कंपन्यांच्या हाती जाऊन! खर्च सगळ्यांच्या बिलात वाटला गेला. तरी मला हे बरं वाटतं. निदान शेवटच्या घराला शेजाऱ्यांची दारं वाजवावी लागत नाहीत.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात घरापासून रस्त्याखालच्या मुख्य लाइनपर्यंतचा पाइप आजही मालकाचाच आहे. तो फुटला तर शहर आधी नोटीस देतं. दुरुस्तीचे पैसे नसतील, तर बिनव्याजी कर्जाचा अर्जही शहराकडेच करता येतो.