तेनसिंग यांनी काय शिकावे?

१९५३ च्या एप्रिलमध्ये खुंबूच्या हिमप्रपातात एडमंड हिलरी एका हिमभेगेत कोसळले. दोराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या तेनसिंग नोर्गे यांनी बर्फकुऱ्हाड रोवून दोर तिच्याभोवती आवळला आणि पडणारा देह अधांतरी थांबला. विचार करायला अवसर नव्हता. हाताला जे ठाऊक होते ते हाताने केले. पुढच्याच वर्षी, एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहून आल्यानंतर, हेच तेनसिंग स्वित्झर्लंडमधील रोझेनलाउई येथे आर्नोल्ड ग्लाथार्ड यांच्या गिर्यारोहण शाळेत प्रशिक्षणासाठी गेले. वय चाळीस. सोबत सहा शेर्पा, आणि त्यांत आंग थारके, म्हणजे एरिक शिप्टन यांच्या मोहिमांचा आणि १९५० च्या अन्नपूर्णा मोहिमेचा बुजुर्ग सरदार. या मंडळींना बर्फ शिकवायचा म्हणजे कोळ्याला पोहायला शिकवण्यासारखेच, असे कोणालाही वाटेल.

पण शाळा कशासाठी होती हे पाहिले की हा विनोद मावळतो. तेनसिंग चढायला शिकत नव्हते, शिकवायला शिकत होते. एव्हरेस्टच्या यशानंतर पंडित नेहरू आणि पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तारीख ४ नोव्हेंबर १९५४. मेजर नरेंद्र धर जयाल पहिले प्राचार्य झाले आणि तेनसिंग क्षेत्र-प्रशिक्षणाचे संचालक. आरंभीचे वर्ग 'रॉय व्हिला'त भरत. १९११ साली भगिनी निवेदितांनी देह ठेवला ती हीच वास्तू. योगायोग खरा, त्यातून अर्थ काढण्याचा मोह मात्र टाळलेला बरा.

त्यापूर्वी शेर्पांची विद्या कशी चालत आली होती? दार्जिलिंगला मोहिमांच्या हमालीसाठी माणसे जमत. हिमालयन क्लब त्यांच्या नोंदी ठेवी, उंचावर भार वाहणाऱ्या निवडक शेर्पांना 'टायगर' ही पदवी देई. तरुण मुलगा थोरल्यांच्या मागून चाले, पाहून पाहून शिके. चुकला तर पुष्कळदा दुसऱ्यांदा चुकण्याची संधी मिळत नसे. या शिक्षणाला ना इयत्ता, ना ग्रंथ. स्वतः तेनसिंग लिहू-वाचू शकत नव्हते. त्यांची जीवनकथा जेम्स रॅम्झी उलमन यांनी शब्दबद्ध केली. मौखिक परंपरेविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो. तिथे ओव्या असतात, कथा असतात. इथे मौखिकही नाही, केवळ देहातली परंपरा होती.

ग्लाथार्ड यांच्या पद्धतीने या देहविद्येचे तुकडे पाडले. उतारावर घसरलेल्या माणसाने काय करावे? पालथे व्हावे, कुऱ्हाडीचे टोक छातीखाली दाबून अंगाचा सगळा भार त्यावर द्यावा, आणि पायांत क्रॅम्पॉन असतील तर पाय वर उचलावेत, नाहीतर खिळे बर्फात अडकून माणूस उलटापालटा होतो. हे तीन वेगळे धडे आहेत, आणि प्रत्येक धडा सुरक्षित उतारावर मुद्दाम पडून गिरवता येतो. हिमभेगेचेही तसेच. वरचा बर्फाचा पूल पोकळ असू शकतो म्हणून दोरात अंतर ठेवून चालायचे; कोणी पडलाच तर आधी त्याचा भार तोलायचा, मग बर्फात भक्कम आधार रोवून भार त्याच्यावर टाकायचा, आणि मगच ओढण्याची व्यवस्था लावायची. तेनसिंग यांनी खुंबूत एका श्वासात जे केले, त्याचा क्रम असा उलगडून नवख्यापुढे मांडता येणे हेच नवे होते. निष्णात कवीला छंदःशास्त्र शिकवावे लागत नाही. पण त्याला छंद शिकवायचा असेल तर ते शास्त्र अवगत करून घ्यावे लागते.

तरीही अभ्यासक्रमाबाहेर काय राहते, याचे उत्तर चारच वर्षांत मिळाले, आणि तेही क्रूरपणे. १९५८ च्या भारतीय चो ओयू मोहिमेत खुद्द प्राचार्य जयाल दगावले. पुढे निघालेल्या तुकडीला गाठण्यासाठी ते घाईने वर चढले आणि फुप्फुसे निकामी झाली. तंत्रात त्यांची बरोबरी करणारे त्या काळी देशात मोजकेच असतील. पण सुमारे ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, आणि विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीर स्वतःचाच वेळ घेते. तिथे कौशल्याची मात्रा चालत नाही. उंचीमुळे फुप्फुसांत पाणी साचण्याचा हा विकार तेव्हा वैद्यकालाही नीटसा उमगलेला नव्हता. चार्ल्स ह्यूस्टन यांचा गाजलेला लेख १९६० चा. भारतातला मोठा अभ्यास तर युद्धाने घडवला. १९६२ च्या संघर्षात सपाटीवरून थेट उंचावर नेलेल्या सैनिकांपैकी ३३२ रुग्णांच्या निरीक्षणांवर आधारलेला इंदर सिंग आणि सहकाऱ्यांचा निबंध १९६५ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. आज गिर्यारोहणाच्या प्रत्येक वर्गात 'हळू चढा, उंच जाऊन खाली झोपा' हे बजावले जाते. त्या साध्या वाक्यामागे किती मृत्यू आहेत, हे ते घोकणाऱ्याला बहुधा माहीत नसते.

मराठी गिर्यारोहकाची अडचण याहून आगळी आहे. सह्याद्रीत कातळ हवा तेवढा. पण कळसूबाईची उंची अवघी १,६४६ मीटर आणि बर्फ औषधालाही नाही. कड्यावर दोर लावण्यात तरबेज झालेल्या पुण्या-मुंबईच्या मुलांना हिमनदीवर पहिले पाऊल टाकताना पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो, आणि त्यासाठी दार्जिलिंग किंवा १९६५ साली सुरू झालेली उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था गाठावी लागते. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले, २०१२ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे गिर्यारोहक पोहोचले. त्यांच्या कौतुकात आपण सह्याद्रीचे नाव घेतो, ते रास्तच. मधल्या त्या महिनाभराच्या वर्गांचे नाव मात्र क्वचितच कोणी घेते.

उत्तरकाशीच्याच प्रशिक्षणवर्गावर ४ ऑक्टोबर २०२२ रोजी 'द्रौपदी का डांडा-२' या शिखराच्या वाटेवर हिमस्खलन कोसळले. २९ जण गेले, बहुतेक प्रशिक्षणार्थी. त्यांच्यासोबत प्रशिक्षक सविता कंसवालही होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सर केली होती, आणि त्यांचे स्वतःचे धडेही याच संस्थेत झाले होते. मुद्दाम पडून शिकण्याचा सुरक्षित उतार आणि खरा पर्वत यांच्यामधली रेघ त्या दिवशी पुसली गेली. शाळा बंद झाली नाही. नव्या तुकड्यांतली मुले आजही उतारावर रांगेने उभी राहतात, पालथी पडतात, कुऱ्हाड छातीखाली घेतात. आणि प्रशिक्षक खालून ओरडतो, पाय वर, पाय वर.