पैठणची जळालेली कथा

छत्रपती संभाजीनगराच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, दक्षिणेस सुमारें ५० किलोमीटरांवर गोदातीरीं पैठण वसलें आहे. सातवाहनांची राजधानी व नाथांचें गांव म्हणून तें सर्वांस परिचित आहे. परंतु एका साच्यांत न मावणारी कथा शोधणाऱ्या वाचकालाहि याच गांवाची वाट धरावी लागते, हें फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें.

वाचकाला प्रेमकथा हवी असते, तशीच समुद्रप्रवासाची, चोरांची, वेताळाची आणि राजनीतीचीहि कथा हवी असते. ही सारी सामग्री एका सूत्रांत ओवणारी 'बृहत्कथा' गुणाढ्यानें पैशाची भाषेंत रचली. दंडी व बाण यांनीं तिचा उल्लेख केला आहे. मूळ ग्रंथ मात्र आज उपलब्ध नाहीं. तो कसा नष्ट झाला, याची आख्यायिका काश्मीरच्या सोमदेवानें अकराव्या शतकांत 'कथासरित्सागरा'च्या आरंभीं सांगितली आहे.

गुणाढ्य हा सातवाहन राजाचा मंत्री. जलक्रीडेंत राणीनें पाणी उडवूं नका असें संस्कृतांत विनविलें. राजानें शब्दांचा संधि न ओळखतां मोदक मागविले, आणि राणी हसली. लज्जित राजानें संस्कृत शिकण्याचें मनावर घेतलें. गुणाढ्यानें सहा वर्षांची मुदत मागितली. शर्ववर्म्यानें सहा महिन्यांची प्रतिज्ञा केली. ती खरी झाल्यास संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडण्याची पैज गुणाढ्यानें लावली, आणि तो हरला. विंध्यारण्यांत जाऊन तो पिशाच्चांची भाषा शिकला, आणि शाईच्या अभावीं स्वतःच्या रक्तानें त्यानें सात वर्षांत सात लक्ष श्लोक लिहिले.

शिष्यांनीं ग्रंथ राजाकडे नेला. ज्याला कालपर्यंत संस्कृत येत नव्हतें, त्याच राजानें पैशाची भाषा नीरस ठरवून तो परत पाठविला. तेव्हां गुणाढ्यानें अग्नि पेटविला. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवावें आणि आगींत टाकावें, असा क्रम चालला. ऐकतां ऐकतां पशु चरणें विसरले. त्यांचें शुष्क मांस खाऊन राजा आजारी पडला, आणि कारण शोधीत अरण्यांत आला, तों सहा लक्ष श्लोक भस्म झाले होते. नरवाहनदत्ताची एक लक्ष श्लोकांची कथा तेवढी वांचली.

ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. परंतु तिचें मर्म खरें आहे. राजानें ग्रंथ वाचून नाकारला नाहीं. त्याची भाषा पाहून नाकारला. आणि त्याच सातवाहन कुळांतील हाल राजाच्या नांवावर महाराष्ट्री प्राकृतांतील सातशें गाथांचा संग्रह आहे! लोकभाषेचा आदर करणाऱ्या घराण्यांतहि रसिकता अशी चुकूं शकते.

तथापि कथा मेली नाहीं. सोमदेवाच्या १८ लंबकांत व १२४ तरंगांत पंचतंत्रांतील गोष्टी येतात, वेताळाच्या पंचवीस कथाहि येतात. नव्या वाचनाचा आरंभ येथून करावा. पुढें बुधस्वामीचा 'बृहत्कथाश्लोकसंग्रह' घ्यावा. तो २८ सर्गांवर तुटला आहे, पण त्यांतील व्यापाऱ्यांचा व्यवहार विशेष जिवंत आहे. नंतर संघदासगणींची प्राकृत 'वसुदेवहिंडी' वाचावी. तिच्यांत जैन ग्रंथकारानें तोच सांगाडा घेऊन नायक बदलला आहे.

ग्रंथाची जात व भाषा पाहूनच जो वाचक तो बाजूस सारतो, तो सातवाहनाचीच चूक पुन्हां करतो. अरण्यांतील पशूंनीं असें कांहीं विचारलें नाहीं. त्यांनीं कथा ऐकली.