खुकरीच्या पोटातली माणसं

दीवला मी गेलो होतो पोर्तुगीजांचा किल्ला बघायला. रिक्षावाल्याने वाटेत आपणहून रिक्षा थांबवली. समोर मोकळा अरबी समुद्र आणि काचेच्या पेटीत एका युद्धनौकेची प्रतिकृती. दोन शाळकरी मुलं काचेला नाक लावून तोफा मोजत होती. ती नौका म्हणजे ‘खुकरी’. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री ती इथून सुमारे 40 सागरी मैलांवर बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक तिच्याबरोबर गेले.

1971 म्हटलं की आपल्याला कराचीवरचा हल्ला आठवतो. 4 डिसेंबरला नौदल दिन साजरा होतो तो त्यामुळेच. त्यानंतर पाचच दिवसांनी आलेल्या रात्रीविषयी आपण फारसं बोलत नाही.

खुकरी ब्रिटनमध्ये बांधलेली, पाणबुड्या हुडकण्यासाठीच घडवलेली छोटी फ्रिगेट. दीवच्या आसपास पाकिस्तानी पाणबुडी वावरते आहे असा सुगावा लागला, तेव्हा ‘खुकरी’ आणि ‘कृपाण’ यांना मुंबईहून धाडण्यात आलं. ती पाणबुडी होती ‘हंगोर’, फ्रान्समध्ये बांधलेली, जवळजवळ नवी कोरी. आपल्या सोनारला ती ऐकू येण्याच्या कितीतरी आधी तिला आपली जहाजं ऐकू येत होती. भर म्हणजे खुकरीवर सोनारचा पल्ला वाढवण्याचा एक प्रयोग चालू होता आणि त्यासाठी जहाज संथ चालवावं लागत होतं. या संथ गतीवर पुढे पुष्कळ वाद झाले. मला वाटतं, मूळ चूक वेगाची नव्हतीच. ज्यांचे कान अधू, त्यांनाच कानोसा घ्यायला पाठवलं होतं.

रात्री पावणेनऊला आकाशवाणीच्या बातम्या लागत. वाचलेल्यांच्या आठवणींत ही गोष्ट येते, की बरेच जण त्या ऐकायला रेडिओभोवती जमले होते. युद्धातल्या माणसांना युद्धाची बातमी रेडिओवरून कळावी, हे मला विलक्षण वाटतं. पण डेकखालच्या खलाशाला स्वतःच्या जहाजाच्या भिंतीपलीकडचं काय दिसणार? तेवढ्यात टॉर्पेडो आदळला. दिवे गेले. वर यायला अरुंद लोखंडी शिड्या, त्यात जहाज कललेलं. बॉयलरपाशी पाळीवर असलेल्यांची जागा तर सगळ्यांत खाली. काही मिनिटांत सगळं संपलं. कृपाण तेव्हा दूर गेली आणि दुसऱ्या दिवशी परतली. 67 जण जिवंत सापडले. ती थांबली असती तर अजून काही वाचले असते का, हा प्रश्न त्या घरांत अजून विचारला जात असेल. पाणबुडी तिथेच टपून असताना थांबली असती तर कदाचित तीही गेली असती, हे उत्तर बरोबर असेल. पण ते घरच्यांना पुरणारं नाही.

कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं, लोकांना समुद्रात ढकलून वाचवलं आणि स्वतः जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्यांच्यापुढे मान झुकते, यात शंका नाही. तरी मला राहून राहून वाटतं, की मुल्लांना निदान निवड करता आली. खाली अडकलेल्या पोरांपुढे राहायचं की जायचं, हा प्रश्नच आला नाही. आपल्या आठवणीत मात्र निवड करणारा उरतो.

या पोरांच्या बाजूने लिहिलेलं पुस्तक मिळालं ते मेजर जनरल इयान कार्डोझो यांचं. वाचलेल्यांना आणि गेलेल्यांच्या घरच्यांना गाठून त्यांनी ते लिहिलं. कार्डोझो नौदलाचे नव्हेत, गोरखा पलटणीचे. त्याच युद्धात त्यांचा पाय सुरुंगावर पडला आणि चिंधड्या झालेला तो पाय त्यांनी स्वतःच्या खुकरीने कापून टाकला. योगायोगांवर माझा फार भरवसा नाही, पण हा विसरता येत नाही.

हंगोर आज कराचीत संग्रहालयात उभी आहे. तिच्याही आत उतरणाऱ्या मुलांना कोणीतरी विजयाची गोष्ट सांगत असेल. त्याच युद्धात त्यांची ‘गाझी’ विशाखापट्टणमजवळ बुडाली आणि तिच्यातला एकही जण परतला नाही. ती गोष्ट तिकडच्या घरांत कशी सांगतात कोण जाणे.

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी प्रतिकृतीभोवती आणखी एक फेरी मारली. तोफा, डोलकाठी, ब्रिज, सगळं नीट रंगवलेलं. रेडिओ कुठे असेल, शिडी कुठे असेल, ते शोधत होतो. डेकच्या खाली नुसतं भरीव होतं.