जतचे डफळे : एका विरळ उपनांवाचा विचार

जुने कागद जुळवितांना संग्राहकांस वारंवार पडणारी एक अडचण येथें मांडावयाची आहे. एकाच स्थळाच्या कागदांत एक पत्र 'चव्हाण' यांच्या नांवचें, दुसरें 'डफळे' यांच्या नांवचें, आणि तिसरें नुसतें 'देशमुख परगणे जत' एवढ्याच निर्देशाचें असूं शकतें. उपनांवें पाहून रुमाल बांधणारा मनुष्य अशा कागदांचे तीन रुमाल बांधतो व तीन घराणीं कल्पितो. वस्तुतः घराणें एकच असतें. उलटपक्षीं, 'चव्हाण' हें नांव दिसलें कीं भलत्याच चव्हाणांचे कागद त्या रुमालांत शिरतात, व पुढें कोणी वंशावळ रचूं लागला म्हणजे परक्याचा मूळपुरुष आपल्या घरांत येऊन बसतो. कागदांची संगति एकदां अशी मोडली म्हणजे ती पुन्हा लावणें फार कठीण. म्हणून सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांशीं निगडित असलेल्या डफळे या उपनांवाची उत्पत्ति, त्याचा अर्थ व त्याचा प्रसार यांचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

(१) स्थल व सत्ता

जत हें सांगली जिल्ह्याच्या पूर्व अंगास असलेलें तालुक्याचें ठिकाण. डफळापूर हें गांव त्याच तालुक्यांत, जतच्या पश्चिमेस आहे. हा मुलूख मराठी व कन्नड या दोन भाषांच्या शिवेवरचा, आणि विजापूर येथून जवळ. १६७३ सालीं प्रतापराव गुजर व बहलोलखान यांची जेथें गांठ पडली, तें उमराणीही याच तालुक्यांत येतें. आदिलशाहीच्या अखेरच्या काळांत जत, करजगी इत्यादि महालांची देशमुखी सटवाजीराव डफळे यांजकडे होती. १६८६ सालीं विजापूर पडल्यावर हें घराणें मोंगलांच्या बाजूस गेलें. १७०० सालीं औरंगजेबाच्या सैन्यानें साताऱ्याचा किल्ला घेतला, त्या वेढ्याच्या हकीकतींत बाजी चव्हाण डफळे हें नांव येतें. कुळीचें नांव व उपनांव हीं दोन्ही या एका निर्देशांत लागोपाठ आलेलीं आहेत, इकडे वाचकांनीं लक्ष द्यावें.

पुढें जत ही सातारच्या जहागिरींपैकीं एक झाली. १८२० सालीं इंग्रजांनीं जहागीरदारांशीं करार केला. १८२७ सालीं कर्जाच्या फेडीकरितां सातारच्या महाराजांनीं ही जहागीर जप्त केली, व ती १८४१ सालीं मोकळी झाली. १८४९ सालीं सातारचें राज्य इंग्रजांनीं खालसा केल्यानंतर जत व डफळापूर या दोन्ही जहागिरी इंग्रजांच्या मांडलिक झाल्या. डफळापूरची जहागीर राणीबाईसाहेब डफळे यांच्या मागें, १९१७ सालीं, जतेंत सामील झाली. ८ मार्च १९४८ रोजीं जत संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा नवा जिल्हा निघाला, आणि १९६० सालीं त्यालाच सांगली हें नांव मिळालें.

हा क्रम सांगण्याचें कारण एवढेंच कीं, आज ज्या गांवांचा सातारशीं कांहीं संबंध दिसत नाहीं, त्यांचे कागद सातारच्या दप्तरांत सांपडणें स्वाभाविक आहे. आजच्या जिल्ह्याची शीव पाहून शोध करणारा अर्ध्या साधनांस मुकेल.

(२) रूढ उपपत्ति

या उपनांवाविषयीं छापील ग्रंथांतील महत्त्वाचा जुना उल्लेख ग्रँट डफ याच्या १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासांत आहे. विजापूरच्या पदरीं असलेल्या प्रमुख मराठा घराण्यांची यादी देतांना तो निंबाळकर, घाटगे, माने, घोरपडे, सावंत यांबरोबर डफळ्यांचाही निर्देश करितो. त्याचें म्हणणें असें कीं, हे जत परगण्याचे देशमुख, यांचें मूळ नांव चव्हाण, व डफळापूर गांवची पाटिलकी वंशपरंपरेनें यांजकडे असल्यामुळें यांस डफळे हें उपनांव पडलें. यांजकडे मनसब होती, परंतु विजापूरच्या बादशहाकडून यांस कोणताही किताब मिळाला नाहीं, हेंही तो मुद्दाम नमूद करितो. पुढील गॅझेटियरकारांनीं बहुशः हीच हकीकत पुन्हा सांगितली आहे.

ग्रँट डफ हा १८१८ ते १८२२ पर्यंत साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधि होता, व जतच्या जहागीरदारांशीं करार झाला तो याच मुदतींत. त्यामुळें घराण्याची परंपरा त्यास जवळून ऐकावयास मिळण्याजोगी होती. तीस आम्ही वजन देतों. विशेषतः किताब नसल्याचा त्याचा उल्लेख मोलाचा आहे. कारण त्यावरून डफळे ही दरबारची पदवी नव्हे, एवढें निश्चित होतें. मात्र पाटिलकीचा संबंध मान्य करणें ही एक गोष्ट, आणि शब्द गांवाच्या नांवावरून निघाला असें मानणें ही दुसरी. या दोहोंची गल्लत होऊं नये.

(३) शब्दरूपाचा पुरावा

मराठींत गांवावरून उपनांव होण्याच्या दोन रीती ठळक आहेत. एक 'कर' प्रत्ययाची. फलटणच्या नाइकांचें घराणें मूळचें पवार. फलटणजवळच्या निंबळक गांवावरून तें निंबाळकर झालें. दुसरी एकारान्ताची : चिंचवडचे ते चिंचवडे, सासवडचे ते सासवडे. या दुसऱ्या रीतींतही गांवाचें नांव सबंध राहतें, असें दिसून येतें. गांवाच्या नांवाअखेर 'पूर' असेल तर तें गळत नाहीं. कोल्हापूरचे कोल्हापुरे, सोलापूरचे सोलापुरे, विजापूरचे विजापुरे. या न्यायानें डफळापूरचे पाटील डफळापूरकर तरी व्हावे, किंवा डफळापुरे तरी व्हावे. ते डफळे झाले, याचा अर्थ लावला पाहिजे.

आमच्या मतें 'डफळे' हें 'डफळा' या एकवचनी शब्दाचें आदरार्थीं अनेकवचन होय. काळा या शब्दावरून काळे हें उपनांव होतें तसेंच हें. आणि डफळापूर या ग्रामनामाचा विग्रहही डफळा व पूर असा सरळ होतो. म्हणजे गांवाचें नांव व घराण्याचें नांव हीं एकमेकांपासून निघालेलीं नसून, तीं एकाच 'डफळा' शब्दाच्या दोन शाखा आहेत. या विग्रहास एक आक्षेप संभवतो, तो आम्हीच पुढें मांडतों. कोल्हापूर, सोलापूर यांत 'पूर' या शब्दापूर्वीं जो आकार येतो, तो कोणा पुरुषाच्या नांवाचा अंश आहे असें म्हणतां येत नाहीं. तेव्हां केवळ ग्रामनामांतील आकारावर भिस्त ठेवणें बरोबर होणार नाहीं. परंतु ग्रामनामांतून 'पूर' गळून उपनांव होणें ही अनियमित गोष्ट मानण्यापेक्षां, दोहोंचें मूळ एक मानणें अधिक सयुक्तिक दिसतें.

डफ वाजविणारे म्हणून डफळे, ही व्युत्पत्ति ऐकावयास गोड, पण केवळ नादसादृश्यावर उभारलेली आहे. डफ हा शब्द अरबी-फारसींतून आलेला. देशमुखी व पाटिलकी करणाऱ्या घराण्याशीं त्याचा संबंध जोडण्यास कागदाचा आधार पाहिजे. तो पुढें आल्याशिवाय ही व्युत्पत्ति कोणीं स्वीकारूं नये.

(४) शेजारच्या घराण्यांचा दाखला

सातारा-सांगलीच्या मुलुखांत मूळ नांव मागें पडून नवें नांव रूढ झाल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत, व तीं तपासलीं असतां चार प्रकार स्पष्ट दिसतात. गांवावरून पडलेलें नांव निंबाळकरांचें, तें वर आलेंच आहे. पराक्रमाच्या आख्यायिकेवरून पडलेलें नांव घोरपड्यांचें. हे मूळचे भोसले. बहामनी काळांत कोंकणांतील एका अवघड किल्ल्यावर घोरपडीच्या साह्यानें चढल्यामुळें हें नांव मिळालें, असें ते सांगतात. पदावरून पडलेलें नांव औंधच्या पंतप्रतिनिधींचें. किन्हईचे कुलकर्णी असलेलें हें घराणें परशुराम त्रिंबक यांजपासून पदाच्या नांवानेंच ओळखलें जाऊं लागलें. आणि गुणावरून पडलेलें नांव वाईच्या रास्त्यांचें. हे मूळचे गोखले. 'रास्त' म्हणजे खरा, प्रामाणिक, या फारसी शब्दाशीं त्यांची परंपरा आपलें नांव जोडते. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यांतील.

या चारही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. उपनांव बदललें तरी कुळी अथवा गोत्र बदललें नाहीं. डफळे आपली कुळी चव्हाण सांगतात, निंबाळकर पवार सांगतात. सोयरीक जमवितांना उपनांव न पाहतां कुळी व देवक पाहण्याची जी मराठ्यांची चाल, ती या जुन्या नांवाची जणूं रखवालदार होय. लिहिण्यांतून जें नांव गेलें, तें लग्नाच्या बोलण्यांत टिकलें.

(५) नांव विरळ कां ?

चव्हाण हें नांव महाराष्ट्रांत गांवोगांव आढळतें. डफळे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याजोग्या ठिकाणीं. याचें कारण वंश खुंटला हें नव्हे. कारण वतनांत आहे. पाटिलकीचें वतन एका गांवापुरतें व देशमुखीचें एका परगण्यापुरतें. त्याच्या तक्षिमा होतील, पण गांव कांहीं वाढणार नाहीं. ज्या भाऊबंदास वतनांत हिस्सा, मानपान व शिक्क्याचा अधिकार, त्यास तें नांव लावण्याचें प्रयोजन. जो वतनाबाहेर पडून दूर चाकरीस गेला, त्यास कुळीचें व्यापक नांवच अधिक उपयोगी. अशा रीतीनें वतनाचें नांव आंखूड राहतें व कुळीचें पसरतें. गोखले पुष्कळ व रास्ते थोडे, याचेंही मर्म हेंच. निंबाळकरांची संख्या मोठी दिसते, कारण त्यांच्या शाखांस निरनिराळीं ठिकाणें मिळालीं. फलटण तालुक्यांतील वाठार निंबाळकर या ग्रामनामांत तर उपनांवच गांवास जाऊन चिकटलें आहे.

१९०१ च्या खानेसुमारींत जत व डफळापूर मिळून सुमारें ९८० चौरस मैल क्षेत्र व ६८,६६५ लोकवस्ती होती. परंतु सरकारी खानेसुमारी धर्म, जात व भाषा यांवरून मोजते, उपनांवावरून नव्हे. एवढ्या वस्तींत डफळे किती, हें तींतून निघत नाहीं. तें पाहण्यास पंढरपूर, नाशिक, काशी येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्याच उपयोगीं पडतात. त्यांत यात्रेकरूचें नांव, उपनांव, मूळ गांव, राहतें गांव व पूर्वजांचीं नांवें एकत्र लिहिलेलीं असतात. कोणत्या पिढींत कोणता चव्हाण डफळे म्हणवूं लागला, किंवा कोणता डफळे गांव सोडून पुन्हा चव्हाण झाला, हें दाखविणारें याहून चांगलें साधन नाहीं. दुर्दैवानें याच वह्या आज सर्वांत अधिक जीर्ण होत आहेत.

(६) संग्राहकांस विनंति

वरील विवेचनावरून तीन गोष्टी व्यवहारांत पाळण्याजोग्या ठरतात. पहिली, फारसी लिपींत ड व ळ हीं अक्षरें नाहींत. तेथें दाल व लाम यांवर काम भागवितात. त्यामुळें फारसी कागदांतील 'दफले', इंग्रजींतील 'डफ्ले' व मोडींतील 'डफळे' हीं एकच होत. लकाराच्या रूपावरून निराळें घराणें कल्पूं नये. दुसरी, मोडी कागदांत वतनदाराचा निर्देश पुष्कळदां उपनांवाशिवाय, केवळ हुद्दा व गांव यांनीं केलेला असतो. महजरावरील नांगराची निशाणी पाटलाची, एवढें ध्यानांत ठेवून 'मोकदम मौजे डफळापूर' असा उल्लेख असलेला प्रत्येक कागद, त्यांत डफळे हें नांव नसलें तरी, याच रुमालांत ठेवावा. तिसरी, पुरुषांच्या नांवांवरच नजर ठेवूं नये. अठराव्या शतकांत येसूबाई डफळे यांनीं या वतनाचा कारभार पाहिला, व डफळापूरच्या अखेरच्या जहागीरदारही एक बाईच होत्या. 'बाई' या निर्देशाचे कागद किरकोळ समजून बाजूस सारणारा या घराण्याच्या इतिहासाचा कणाच काढून टाकील.

आमच्या मताची कसोटीही येथेंच सांगून ठेवितों. सटवाजीरावांच्या पूर्वींचा एखादा महजर अथवा निवाडपत्र उजेडांत यावें. त्यांत गांवाचे मोकदम नुसते 'चव्हाण' म्हणून आले, तर डफळे हें नांव त्यांस वतनाबरोबर मागाहून लागलें, हें ठरेल. ते नुसते 'डफळे' म्हणून आले, तर नांव पुरुषाचें व जुनें, आणि गांवच त्याच्या नांवानें वसलें, या मतास बळकटी येईल. निर्णय कसाही लागो, तो कागदानेंच लागावा.

परगणे वतनें १९५० च्या कायद्यानें गेलीं व मुलकी पाटिलकी १९६२ च्या कायद्यानें. देशमुखाचा शिक्का व पाटलाचा नांगर यांस आतां कोणी विचारीत नाहीं. वतन गेलें, पण त्याचें नांव मात्र राहिलें. तें ज्यांच्याकडे आहे, त्यांनीं घरांतील जुने कागद रद्दींत न घालतां एकदां उलगडून पाहावे, आणि ज्यांच्याकडे कागद आहेत, त्यांनीं ते नांव पाहून फोडूं नयेत, एवढीच आमची विनंति आहे.