बंदुकीवरचा संवत वाचताना

मार्टिनी-हेन्री म्हणून घेतलेली बंदूक उघडली आणि आत गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी पट्टीची स्प्रिंग निघाली, तर ती बहुधा नेपाळची गहेंद्र रायफल. जनरल गहेंद्र शमशेर राणांच्या नावाची. २००३ च्या सुमारास काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना शस्त्रसाठा अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला, तेव्हा अशा पुष्कळ बंदुका संग्राहकांच्या हाती आल्या. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, फसायला होतंच. शिवाय गहेंद्र हातकामाची. एकीचा सुटा भाग दुसरीला बसेलच असं नाही.

आता गंमत बघा. तिच्यावरचे आकडे देवनागरीत असतात. तिकडचे संग्राहक तक्ते घेऊन बसतात, आपण सहज वाचतो. पण आकडा वाचणं वेगळं आणि साल ठरवणं वेगळं! तो विक्रम संवत आहे, आणि तोही आपल्यासारखा दिवाळी पाडव्याला नाही, तर एप्रिलच्या मध्याला, वैशाखात बदलणारा. म्हणून डिसेंबरपर्यंत ५७ वजा करायचे, पुढच्या साडेतीन महिन्यांना ५६.

एवढी काटेकोरी कशाला? अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक 'अँटिक' ठरते, त्यानंतरच्या बंदुकीला नियम वेगळे. समजा, आकडा १९५५ आहे. म्हणजे एप्रिल १८९८ ते एप्रिल १८९९. महिना दिलेला नसेल तर नुसत्या आकड्यावरून निकाल लागत नाही. मी टिपणवहीत मूळ आकडा जसाच्या तसा उतरवते आणि शेजारी '१८९८-९९' लिहिते. एकच साल लिहून मोकळं व्हायचा मोह होतो खरा.