फासा, नाणं आणि चिठ्ठी

भांडण नशिबावर सोडलं की काय होतं? आपल्या गोष्टींत तरी घोळच होतो. महाभारतात शकुनी कपटाने खेळतो आणि पांडवांचं राज्य जातं. ‘शोले’मध्ये (१९७५) जय नाणं उडवून निर्णय घेतो, तो गेल्यावर वीरूला कळतं, दोन्ही बाजू सारख्याच! मैत्रीपोटी केली, पण फसवणूकच ना?

म्हणून मला दगड-कागद-कात्री भारी वाटतं. नाणं खोटं बनवता येतं, इथे मात्र आपलाच हात. कागद दगडाला झाकतो, कात्री कागद कापते, दगड कात्री मोडतो. कायमचा राजा कुणीच नाही.

पोरखेळ म्हणू नका. २०१७ला मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० मध्ये अतुल शाह आणि सुरेंद्र बागलकर यांना सारखीच मतं पडली. चिठ्ठी काढली, शाह जिंकले. आमच्या जालना जिल्ह्यातही, भोकरदन असो की परतूर, सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते. कित्येकांची तयारी एका चिठ्ठीत संपते. म्हणूनच ती सगळ्यांसमोर काढतात. हरणाऱ्याला पटलं नाही, तर भांडण मिटलं कुठे?